पॅडलला बांधलेला दोरा

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये. चहाचे कप हातात धरून उभ्या असलेल्या पोरांसमोर मॅनेजर तिला म्हणाला, "मॅडम, आजपासून स्पोर्ट्स गाड्यांच्या चाव्यांना हात लावायचा नाही. पॅडल तुम्हाला जमत नाही." आणि तिच्या हातातली चावी त्यानं काढून घेतली.

सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहितोय. कंत्राटी कामगारांची, बसथांब्याची, तुंबलेल्या गटाराची. पत्रक आपण सिग्नलला वाटतो, आणि वाचणारा सिग्नल सुटेपर्यंतच आपला असतो. त्यामुळे कुणावर काय झालं ते आधी. या प्रकरणावरही मी पत्रकच लिहायला बसलो होतो. वहिनीनं लिहू दिलं नाही. म्हणून हे लांबण लावून लिहितोय.

आम्ही दापोडीचे. वडील पिंपरीच्या एका कंपनीतून लेथ ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले, भाऊ भोसरीला शिफ्टमध्ये जातो आणि वहिनी गाड्या चालवते. आई सांगते, लग्न होऊन आली तेव्हा हिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. वहिनी म्हणते, "येत होती. सासूसमोर पडायचं नव्हतं फक्त." ती ड्रायव्हिंग स्कूलला गेली, पास झाली, आयटीवाल्यांची कॅब चालवली. मग चाकणच्या एका कारखान्यात नव्या गाड्या लाइनवरून यार्डात नेऊन लावायचं काम धरलं. तिथं चार बोटांच्या अंतरात गाडी लावायला शिकली. मग या वर्कशॉपला आली. इथं येणाऱ्या गाड्या तुमच्याआमच्यासारख्यांच्या नसतात. बुटक्या, रुंद, दोघांपुरत्या, स्पीडब्रेकर दिसला की मालकाच्या पोटात गोळा येईल अशा. सर्व्हिस झाली की ती गाडी रस्त्यावर फिरवायची, ब्रेक, गिअर, आवाज तपासायचा आणि मग मालकाला फोन जायचा. रोड टेस्ट म्हणतात त्याला. वहिनीचं हेच काम.

पॅडल म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, गिअर गाडी आपला आपण बदलते. पण वेगाच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या असतात, कानांसारख्या. उजवी बोटानं ओढली की गिअर वर जातो, डावी ओढली की खाली येतो. हात स्टिअरिंगवरून न हलवता हे करता येतं. नवीन पोरं लागली की त्यांना पॅडल शिकवायचं काम वहिनीकडेच होतं. तिची शिकवणी आम्ही घरी जेवताना ऐकायचो.

"परवाचा एक पोरगा," ती सांगायची, "सिग्नल आला की डावं पॅडल टकटक टकटक. म्हटलं, अरे बाबा, ब्रेक कशाला दिलाय कंपनीनं? तर म्हणतो, ताई, इंजिननं गाडी थांबते ना. थांबते रे, पण मागच्याला तुझा लाल दिवा दिसत नाही. तो येतोय सुसाट, त्याला वाटतंय तू चाललायस. घुसेल की तुझ्यात."

"मग?" भाऊ विचारायचा.

"मग काय. आधी ब्रेक, मग गिअर, मग वळण. हे तिन्ही त्याच क्रमानं. चाक वळलेलं असताना पॅडलला हात नाही."

"आणि घरी गिअर कोण बदलतं?" आई.

"घरी ऑटोमॅटिक आहे, आई. तुम्हीच बदलता."

दसऱ्याला आमच्या गल्लीत पांढरे कपडे असतात. सकाळी विहारात वंदना, मग खीर, मग पाहुणे. वर्कशॉपला त्या दिवशी गाड्यांची पूजा असते. वर्कशॉप ज्या जमिनीवर उभं आहे ती गावातल्या एका जुन्या शेतकरी घराची. त्या घरातले म्हातारे, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात, दर दसऱ्याला स्वतः येतात, यार्डातल्या एकूण एक गाडीला झेंडूचा हार घालतात आणि स्टिअरिंगला लाल दोरा बांधतात. कधीकाळी याच जागेवर ते बैलांना बांधत असत म्हणे. आता गाड्यांना. मला त्यात वाईट काही दिसत नाही, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणार की या पोराला दोराच खुपतोय.

वहिनी त्या दिवशी सुट्टीवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एक लाल गाडी रोड टेस्टला दिली. आत बसली तर स्टिअरिंगच्या डाव्या दांडीला दोरा गुंडाळलेला, त्यात दोन झेंडू आणि आपट्याचं पान खोचलेलं. आणि दोरा नुसत्या दांडीला नव्हता. दांडी आणि तिच्यामागचं पॅडल, दोन्हीला मिळून त्याचे वेढे होते. काकांना तिथं एकच जाड दांडी दिसली असणार. बैलाच्या शिंगाला बांधावा तसा घट्ट, गाठ मारून.

ती उतरली आणि मॅनेजरकडे गेली. "सर, पॅडलवरचा दोरा सोडते मी."

"राहू द्या ओ मॅडम. काकांनी स्वतः बांधलाय. मालकाला डिलिव्हरीचा फोटो त्याच्यासकट पाहिजे."

"फोटो आत्ता काढा, मग सोडते."

मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही तर सोडूच नका. मागच्या वेळचं माहितीय ना?"

मागच्या वेळचं असं. एका गाडीच्या डॅशबोर्डवर पूजेचं लिंबू ठेवलेलं होतं. चालू गाडीत ते घरंगळत खाली आलं, थेट ब्रेकच्या पायाखाली. वहिनीनं गाडी कडेला घेतली, लिंबू उचललं आणि खिडकीतून टाकलं. परत आल्यावर एक जण म्हणाला, "तुमच्यात चालत असेल ओ ताई. आमच्यात नाही चालत." बस. एवढंच एक वाक्य. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. पण त्या दिवसापासून एक अलिखित नियम झाला की देवाच्या वस्तूला वहिनीनं हात लावायचा नाही. तिला कुणी सांगितला नाही आणि सगळ्यांनी पाळला. तिनंही पाळला.

तर दोरा तसाच ठेवून ती निघाली.

यार्डात काही जाणवलं नाही. गाडी पहिल्याच गिअरला, आणखी खाली जाणार कुठं. बाहेर पडल्यावर रस्ता सरळ. पुढे जिथं ट्रेलर रांगेत उभे असतात, तिथं उजवीकडे वळण आहे. नुकताच टँकर पाणी सांडत गेला होता, खाली डिझेलचे डाग. तिनं आधी ब्रेक लावला, वेग उतरवला, आणि वळली. जे पोरांना शिकवते तेच केलं. पॅडलला बोट लावलं नाही. बोट लावलं दोऱ्यानं. गाडीनं हिसका देऊन गिअर खाली टाकला, लगेच आणखी एक, मागची चाकं ओल्यावर सुटली आणि शेपूट डावीकडे फिरलं. तिनं स्टिअरिंग सरळ केलं, गाडी सावरली, पण मागचं डावं चाक कडेच्या सिमेंटच्या दगडावर बसलं. रिम गेली, बंपरला तडा गेला. माणसाला काही झालं नाही. ट्रेलरच्या आडोशाला दोघं चहा पीत बसले होते, त्यांनाही नाही. 

पोरं धावत आली. पहिलं काम काय केलं? एकानं स्टिअरिंगवरचे झेंडू, पान, दोरा सगळं हलक्या हातानं सोडवलं, कारण गाडी आता टो होणार, लोक आत चढणार, देवाचं पायदळी यायला नको. निर्माल्य पिशवीत गेलं आणि पिशवी इंद्रायणीकडे. ज्यानं हे केलं त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, असं वहिनी म्हणते. मीही मानतो. मात्र चहाच्या सुट्टीत तिनं "दोऱ्यानं झालं" म्हटल्यावर मॅनेजरनं विचारलं, "कुठला दोरा?" दोन तासांपूर्वी "राहू द्या ओ" म्हणणारा हाच माणूस. आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता देवावर ढकला."

संध्याकाळी घरी मी पेटलेलो होतो. मोबाइलवर पत्रक लिहायला घेतलं. जाहीर निषेध. धार्मिक भावनांच्या बुरख्याआड एका बौद्ध महिला कामगाराचा सुनियोजित अपमान. प्रवृत्ती, षड्‌यंत्र, ठेचून काढू. वहिनी भाकऱ्या थापत होती, तिला वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "यात चावी कुठाय?"

"म्हणजे?"

"भाऊजी, मला चावी परत पाहिजे. हे वाचून कोण मला चावी देणार?"

"वहिनी, पण हे खरं आहे की नाही? तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं दोरा सोडला असता की नाही?"

"सोडला असता. खरंच आहे ते." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पण उद्या हा कागद तिथं वाटलास की दोन गट पडणार. हे यांच्या बाजूनं, ते त्यांच्या. आणि पॅडल राहणार बाजूला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा दोरा तिथंच."

"मग काय करायचं? गप्प बसायचं?"

"गप्प कोण बसतंय? तुला आधी कळलंय का काय झालं ते? सांग बरं, दोऱ्यानं पॅडल कसं ओढलं?"

 निषेध लिहून तयार होता आणि घटना मला समजलेली नव्हती. तिनं परात धुतली, माझ्यासमोर उभी धरली. माझ्या हातात कालथा दिला. "हे पॅडल. परातीच्या मागे धर आणि हलवू नकोस. काही गाड्यांत पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतं, त्यात असा दोरा बांधला तरी वळताना ताण येत नाही. या गाडीत पॅडल जागेवर असतं, चाक एकटं फिरतं." मग नाड्याचा तुकडा घेऊन परातीचा कान आणि कालथा एकत्र बांधला आणि परात फिरवली. कालथा माझ्या हातातून खसकन पुढे आला.

"आलं लक्षात?"

आलं. आईच्याही आलं. आई म्हणाली, "परात वाकडी केलीत तर बघा."

वडील इतका वेळ बाजूला बसून ऐकत होते. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे खंडेनवमीला मशीनला हार असायचा. सगळे जमायचे, मीपण उभा राहायचो. पण दुसऱ्या दिवशी हार काढायचा तो ज्याचं मशीन त्यानंच. तो काढल्याशिवाय मेन स्विच कुणी टाकायचं नाही. मशीनच्या फिरत्या चकमध्ये एक पाकळी अडकली तरी काय होतं ते आम्ही बघितलेलं होतं."

"आणि त्याचं कुणाला वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं.

"कशाचं वाईट? ज्याचा हात मशीनमध्ये जाणार, त्यानंच हार काढायचा. यात वाईट काय वाटायचंय?"

लेथच्या कारखान्यात जे सगळ्यांना कळत होतं, ते एवढ्या महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपात कसं हरवलं, यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं, तिथं मशीन आपलं होतं. हात आपला होता. इथं गाडी मालकाची, जमीन काकांची, फोटो मॅनेजरचा, आणि धोका तेवढा वहिनीचा. धोका जिच्या वाट्याला येतो तिचं मत विचारायची कुणाला गरज पडत नाही.

दोन दिवसांनी वहिनी आणि मी वर्कशॉपला गेलो. काका फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. खरं सांगतो, मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. वाक्यं पाठ होती. वहिनीनं मला मागे उभं केलं आणि स्वतः पुढे झाली.

"काका, त्या लाल गाडीला दोरा तुम्ही बांधला होता ना?"

"व्हय. म्याच. सगळ्यास्नी बांधतो. का गं, सुटला व्हय?"

"सुटला नाही, तोच तर घोळ झाला. चला, दाखवते."

तशीच दुसरी एक गाडी शेडमध्ये होती. वहिनीनं काकांना आत बसवलं. बसताना गुडघा दुमडेना, तेव्हा काका म्हणाले, "ही गाडी हाय का पाळना?" तिनं खिशातून दोरा काढला, काकांनी बांधला होता तसाच बांधला आणि म्हणाली, "फिरवा आता चाक." काकांनी फिरवलं. मागचं पॅडल टक्‌कन पुढे आलं. काकांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा टक्‌.

"आरं बाबौ. म्हंजी गेअर म्या टाकला म्हन की."

हसले. मग हसू ओसरलं.  "कुनाला लागलं न्हाई न्हवं?"

"नाही काका."

"मंग तुला दिसला व्हता तर तू सोडला का न्हाईस पोरी?"

"सोडू दिला नाही."

"कुनी?"

एव्हाना मॅनेजर येऊन उभा राहिलेला होता. म्हणाला, "तसं नाही काका, तुमच्या भावनांचा विचार करून आम्ही..."

"माझ्या भावना मला इचारायच्या व्हत्या की, राव." काका गाडीतून उठायला लागले, उठवेना, वहिनीनं हात दिला. "दोरा हाय त्यो. गाडी सुखरूप ऱ्हावी म्हनून बांधायचा. गाडीच ठोकायची आसंल तर बांधायचा कशाला? म्होरल्या येळी आरशाला बांधीन. न्हाईतर तू दाव, कुटं बांधू ते."

माझी पाठ केलेली सगळी वाक्यं तिथं निकामी झाली. ज्या माणसाच्या भावना दुखावतील म्हणून माझ्या वहिनीला दोऱ्याला हात लावू दिला नाही, त्या माणसाला एकदाही विचारलेलं नव्हतं. त्याच्या नावानं भीती दुसऱ्यांनीच घातली आणि ती पोचली एकट्या तिच्यापर्यंत. काकांना कुणी खलनायक करू नये. मी करणार होतो.

आता तुम्हाला वाटेल, चावी मिळाली. नाही मिळाली. मॅनेजर म्हणाला, "वरती बोलतो." साध्या गाड्यांची रोड टेस्ट तिला परत दिली, स्पोर्ट्स गाड्यांच्या चाव्या अजून त्याच्या ड्रॉवरमध्येच आहेत. दोऱ्याचं आता तो मान्य करतो, पण मोजक्या माणसांत. ज्या पोरांसमोर "जमत नाही" म्हणाला, त्यांच्यासमोर "माझं चुकलं" म्हणालेला नाही. नवी पोरं आता एकमेकांना बघून पॅडल शिकतात. परवा एक जण वळणातच डावं पॅडल ओढताना वहिनीनं शेडमधून पाहिला. ओरडली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही नका सांगू, तुमचीच ठोकलेली आहे."

त्या दिवशी घरी येऊन तिनं हे सांगितलं. भाऊ म्हणाला, सोड ते वर्कशॉप, दुसरीकडे बघू. ती म्हणाली, "मी सोडलं तर ते खरं ठरेल." एवढं सगळं झाल्यावर तिचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिला माफीनामा नको, सत्कार नको. तिचं म्हणणं दोन ओळींचं आहे. चूक माझी नव्हती हे त्याच पोरांसमोर सांगा आणि चावी द्या. गाडीत बसल्यावर स्टिअरिंग, पॅडल, ब्रेक यांच्या आड जे येईल ते जी चालवणार ती काढेल, कुणाला विचारणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्याशी थेट बोलतो. रहाटणीत असाल, ताथवड्यात असाल, कुठंही असाल. गाडी वर्कशॉपला देण्याआधी फोन करा आणि मॅनेजरला एकच विचारा: माझ्या गाडीची रोड टेस्ट जो कुणी किंवा जी कुणी घेईल, त्याला किंवा तिला स्टिअरिंगवरचा हार, दोरा, लिंबू, कुठलीही वस्तू कुणाला न विचारता काढायची मुभा आहे का? "बघू", "वरती बोलतो", "तसा प्रश्न येत नाही" ही उत्तरं घेऊ नका. स्पष्ट "हो" येईपर्यंत चावी देऊ नका.